फोटोच्या मागची ओळ

जुन्या वस्तूंचे आणि जुन्या जागांचे फोटो काढण्याची हौस आता घरोघरी पोचली आहे. हातात मोबाइल आहे, रोल संपण्याची धास्ती नाही, धुवायला पैसे पडत नाहीत. कुणी आजोळच्या वाड्याचा दरवाजा टिपतो, कुणी माळ्यावरचा तांब्याचा बंब, कुणी पाडायला काढलेली शाळा. चांगली गोष्ट आहे. पण मला पुष्कळदा प्रश्न पडतो, की या फोटोत नेमकं काय जपलं जातं? वस्तूचा आकार जपला जातो, रंग जपला जातो. तिची आठवण जपली जाते का?

याच प्रश्नावर आज थोडं बोलायचं आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. फोटो वस्तू दाखवतो, पण आठवण माणसालाच सांगावी लागते. त्या माणसाची एखादी ओळ फोटोसोबत ठेवली नाही, तर पन्नास वर्षांनी तो फोटो मुका होतो. बघणारा म्हणतो, 'छान आहे, पण हे काय आहे?' आणि सांगायला कुणी उरलेलं नसतं.

सुरुवात शेजारच्या गावापासून करू. सोलापूरहून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली. त्यानंतर सोळाच वर्षांनी, १८५५ मध्ये, मुंबई सरकारने थॉमस बिग्ज नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला विजापूर आणि त्या भागातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढण्याच्या कामावर नेमलं. पुढे डॉ. पिगू यांनी ते काम चालवलं. त्यातून १८६६ साली लंडनला विजापूरच्या वास्तुकलेवर एक मोठा ग्रंथ निघाला. त्यात फोटोंच्या जोडीला मेडोज टेलर यांनी इतिहास लिहिला आणि जेम्स फर्ग्युसन यांनी इमारतींवर टिपणं दिली. नुसत्या फोटोंनी भागत नाही, हे त्या लोकांनाही कळत होतं.

खुद्द लंडनमध्येही असंच घडलं. तिथे सेंट पॉल चर्चजवळ 'ऑक्सफर्ड आर्म्स' नावाची एक जुनी सराई होती, घोडागाड्यांच्या काळातली. ती पाडणार असं कळल्यावर काही मंडळींनी १८७५ साली तिचे फोटो काढून घेतले. सराई काही वाचली नाही, पण त्या निमित्ताने जुन्या लंडनच्या अवशेषांचे फोटो काढणारी एक संस्थाच उभी राहिली. १८८६ पर्यंत त्यांनी १२० फोटो प्रसिद्ध केले. ते मुद्दाम कार्बन छपाईच्या पद्धतीने छापले, कारण त्या काळचे साधे फोटो काही वर्षांत फिके पडत आणि ही छपाई टिकते. आणि फोटोंबरोबर त्या त्या जागेची माहिती छापून दिली. आज त्या इमारतींपैकी कितीतरी नाहीत, पण फोटो बोलतात, कारण त्यांच्या शेजारी मजकूर आहे.

मात्र या दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याची नजर इमारतीवर होती. विजापुरात गोलघुमट होता, इब्राहिम रोजा होता. त्या इमारतींच्या सावलीत राहणारा माणूस चित्रात आलाच, तर बहुधा इमारतीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून. कशाचा फोटो काढायचा, हे कॅमेरा ज्याच्या हातात असतो तो ठरवतो, आणि पुष्कळ काळ कॅमेरा थोड्यांच्याच हातात होता.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. हे गिरण्यांचं गाव. १८७७ साली इथे 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग' ही गिरणी सुरू झाली. गावाच्या तोंडी ती 'जुनी मिल'. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू अशा गिरण्या आल्या. ही जुनी मिल १९४९ साली बंद पडली, १९५० मध्ये केंद्र सरकारने आधी वटहुकूम आणि मग कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि चरणजितलाल चौधरी नावाचे एक भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये निकाल लागला. राज्यघटनेतल्या समानतेच्या हक्कावरचा तो पहिल्या काही निकालांपैकी एक. आजही देशभरातले कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात आणि सोलापूरच्या गिरणीचं नाव पाठ करतात. त्या प्रकरणात भागधारक आहेत, संचालक आहेत, सरकार आहे. कामगार मात्र 'बेकारी' या एका शब्दात येऊन जातात.

फोटोंचंही तसंच झालं. गिरण्यांच्या इमारतींचे, मालकांचे, समारंभांचे फोटो मिळतात. पण साच्यावर उभा असलेला माणूस, कांड्या भरणारी बाई, रात्रपाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारा घोळका, यांचे फोटो मी शोधायला गेलो तेव्हा फार थोडे हाती लागले. कामावर कॅमेरा नेणार कोण? गावात ज्या घरी 'आगफा क्लिक थ्री' असायचा, तिथेही एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे. ते बारसं, लग्न, निकाह आणि गड्ड्याच्या जत्रेत संपून जायचे. साच्यावर खर्च करायला तेरावा फोटो नव्हता.

माझे अब्बा सोलापुरातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली, देणी लटकली, आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीची खूण म्हणून घरात एक धोटा उरला. धोटा म्हणजे साच्यावर उभ्या ताण्यातून आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. आकार होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंड, पोटात कांडी बसवायची खाच आणि बाजूला दोरा बाहेर यायला एक बारीक भोक. मी त्याचा फोटो काढला. पांढऱ्या चादरीवर ठेवून, खिडकीच्या उजेडात. फोटो देखणा आला. घरातल्या एका पोराने तो पाहिला आणि विचारलं, "ही खेळातली होडी आहे का?"

त्याची काही चूक नव्हती. फोटोत होडीच दिसत होती.

मग एक दिवस तो धोटा अब्बांच्या हातात दिला. ते तेव्हा सत्तरीच्या पुढे गेले होते. त्यांनी तो उलटासुलटा केला, बोटाने ते भोक चाचपलं आणि सरळ ओठांना लावला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "मूं लगाको खेंचना पडता था, बेटा. और क्या!" कांडी संपली की नवी बसवायची, आणि तिचं टोक त्या भोकातून बाहेर यावं म्हणून तोंड लावून श्वासाने ओढायचं. दिवसातून कितीतरी वेळा. दोऱ्याबरोबर कापसाची धूळही आत जायची. या पाळीला जो धोटा माझ्या ओठाला, तो पुढच्या पाळीला दुसऱ्याच्या. कुणाला खोकला असला तरी तोच.

नंतर वाचनात आलं, की इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती आणि तिथले लोक तिला 'धोट्याचं चुंबन' म्हणत. रोग पसरतात म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली असे धोटे वापरायला कायद्यानेच बंदी घातली. म्हणजे जगभर गाजलेला कामगारांच्या आरोग्याचा एक प्रश्न आमच्या कपाटात पडून होता आणि आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.

अब्बांनी धोटा ओठाला लावला त्या क्षणाचाही फोटो मी काढला. त्यात त्यांचा चेहरा धड दिसत नाही, अर्धा धोट्याने झाकला आहे. पण फोटोच्या मागे त्यांचं ते वाक्य त्यांच्याच भाषेत लिहून ठेवलं, खाली तारीख टाकली. अब्बा आता नाहीत. पहिला फोटो कुठल्याही संग्रहालयात शोभेल. पण घरातल्या पोरांना मी दुसराच दाखवतो.

दुसरी गोष्ट दादीची. आमच्या मुसलमान समाजात जुन्या पिढीतली कितीतरी माणसं फोटो काढून घेत नसत. काहींना धर्माच्या दृष्टीने संकोच वाटे, बायकांच्या बाबतीत पडदाही होता. त्यामुळे पुष्कळ घरांत आजोबा-आजीचा एकच फोटो सापडतो, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. ज्यांना हजला जाणं जमलं नाही, त्यांचा तोही नाही. माझ्या दादीचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची हे सांगणारी माणसं एकेक करून कमी होत आहेत.

दादीचं पानदान मात्र आहे. तांब्याचं, कल्हई उडालेलं. वरच्या ताटलीत चुना, कत्था, सुपारी, लवंगेच्या वाट्या आणि खाली पानं ठेवायची जागा. मी त्याचे फोटो काढायला घेतले तेव्हा शेजारी अम्मी बसली होती. ताटली उचलली तशी ती म्हणाली, "इथे पानांच्या ओल्या फडक्याखाली तुझी दादी पैसे ठेवायची. गिरणीत संप झाला तेव्हा दोन महिन्यांचं रेशन यातूनच आलं. घरातल्या पुरुषांना पत्ता नव्हता." पानदानावर हे कुठे कोरलेलं नाही. मी कितीही चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढला असता तरी ते दिसलं नसतं. ज्या बाईचा चेहरा कागदावर उतरला नाही, तिचा स्वभाव त्या एका वाक्यात उतरला.

इथे कुणी म्हणेल, फोटो काढला की निदान आपल्या तरी लक्षात राहतं. तेही तितकंसं खरं नाही. अमेरिकेत फेअरफिल्ड विद्यापीठाच्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचा प्रयोग केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेलं. काही वस्तूंचा फोटो काढायला सांगितलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तूंचे बारकावे मुलांना कमी आठवले. मन म्हणतं, कॅमेऱ्याने पाहिलं ना, मग मी कशाला श्रम घेऊ? पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळून टिपायला सांगितलं, त्यांची स्मृती कमी झाली नाही. इतकंच नव्हे, तर त्या वस्तूचा जो भाग फोटोत नव्हता तोही त्यांना आठवला. थोडक्यात, घाईने काढलेला फोटो विसरायला मदत करतो. थांबून, निरखून काढलेल्या फोटोचं तसं होत नाही.

जागांच्या बाबतीत ही घाई आणखी जाणवते. आपल्या जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे आठवा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभी केलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी धावू लागली. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने ती रुंद रुळांची झाली. रेल्वेच्या शौकिनांनी तिच्या इंजिनांचे फोटो भरपूर काढले. इंजिन कुठल्या कारखान्यात बनलं, चाकं किती, सगळं नोंदलेलं आहे. पण आषाढीला त्या गाडीतून पंढरीला गेलेल्या म्हाताऱ्या कशा चढत, भाकरी कुठे सोडत, कुठल्या चढावर गाडी दमत असे, हे सांगणारी ओळ त्या फोटोंखाली क्वचितच असते. ती सांगू शकतील अशी माणसं अजून आहेत.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी इंदापूर तालुक्यातलं पळसदेव एक. पाणी फार खाली गेलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. चित्र सुंदर येतं. पण जुन्या गावात राहिलेला एखादा माणूस बरोबर असेल, तर तो बोट करून दाखवेल, की इथे बाजार भरायचा, इथून नदीवर उतरायचो. तो नसेल तर फोटोत फक्त देऊळ आणि चिखल.

आणि १५ जून २०२३ चा दिवस. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी स्फोटकांनी पाडली. ती काही फार जुनी नव्हती. बरं-वाईट काय, तो वाद इथे नको. मला दिसलं ते एवढंच, की चिमणी कोसळतानाचं चित्रण घराघरांत पाहिलं गेलं. पण ती उभी असताना तिच्याखाली काम करणाऱ्यांसकट तिचा फोटो कुणी काढला होता का, हे विचारलं तर माणसं एकमेकांकडे बघतात. पडण्याच्या दिवशी कॅमेरे निघतात. खरं तर ते त्याच्या आधी निघायला हवेत.

मग करायचं काय? फार अवघड नाही. वस्तूचे तीन फोटो काढावेत. पहिला पूर्ण वस्तूचा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न टाकता, शेजारी फूटपट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. दुसरा झिजलेल्या जागेचा, अगदी जवळून. वस्तू कुठे झिजली आहे, त्यावरून हात कुठे लागत होता ते समजतं. अक्षरं किंवा नक्षी पुसट झाली असेल तर उजेड बाजूने, तिरपा पडू द्यावा, म्हणजे ती उठून दिसतात. आणि तिसरा फोटो ती वस्तू वापरलेल्या माणसाच्या हातात देऊन, त्याला विचारून.

जागेचा फोटो काढताना चौकटीत एक तरी न हलणारी खूण येऊ द्यावी. देऊळ, मशिदीचा मिनार, पिंपळ, चौक, काहीही. इमारत गेल्यावर ती कुठे होती हे त्या खुणेवरून सांगता येतं.

मग लिहायचं. पाच गोष्टी पुरे आहेत. वस्तूला घरात काय म्हणत, ती कुणाची, कुठली, फोटो कधी काढला, आणि सांगणाऱ्याचं एक वाक्य जसंच्या तसं. त्याच्या भाषेत. आपल्या सोलापुरात हे फार महत्त्वाचं. इथे एकाच गल्लीत मराठी 'माग' म्हणतो, कन्नड 'मग्ग' आणि तेलुगू 'मग्गम'. तिन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात. कुणी कुठला वापरला हे लिहून ठेवलं, तर फोटोबरोबर माणसाचं घरही कळतं.

कागदी फोटो असेल तर मागे मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. बॉलपेनची शाई आणि दाब दोन्ही पुढे उमटतात. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो राहू देऊ नका. त्या गोंदाने ते खराब होतात. निगेटिव्ह टाकू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आता लालसर पडत चालले आहेत, त्यांच्या प्रती लवकर काढून घ्या. मोबाइलमधला फोटो काढल्याची तारीख आणि सोय चालू असेल तर जागाही आपोआप नोंदवतो. पण व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो आणि ही माहितीही गळून पडते. म्हणून मूळ फोटो वेगळा ठेवा, दोन ठिकाणी, त्यातलं एक घराबाहेरचं असलेलं बरं. आणि वर्षाकाठी दहा-वीस फोटो तरी कागदावर छापून घ्या.

रेडिओवर बोलतोय म्हणून आणखी एक सांगतो. गिरणीच्या भोंग्याचा फोटो येत नाही. सोलापूरची सकाळ त्या भोंग्याने व्हायची. घड्याळ नसलेल्या घरांतही शाळेची वेळ त्यावर ठरायची. तो आवाज आता फक्त कानांत उरला आहे. फोटो काढताना त्याच मोबाइलवर सांगणाऱ्याचा आवाजही टिपून ठेवा. दोन मिनिटं पुरतात.

ज्यांनी १९७० च्या आसपास विशीत असताना गिरणीचं काम धरलं, ते आज पंच्याहत्तरीत आहेत. चादरीच्या कारखान्यांत जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्यांची माळ ज्यांच्या हातांनी ओवली, त्यांचे हात आता कापू लागले आहेत. तुमच्या घरी, गल्लीत, मशिदीच्या ओट्यावर किंवा देवळाच्या पारावर असा एक तरी चाचा, अप्पा, मामा नक्की असेल. त्यांना नुसतं "फोटो काढू का?" असं विचारू नका. कपाटातली एखादी वस्तू त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "याचं काय करायचे तुम्ही?" मग वही उघडी ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)